पहिली छोटी मोटारबोट : बांधायची कुठे आणि कितीत?

खाडीकाठच्या गावांत दुकान असलेले, सुतारकाम किंवा वेल्डिंगचे वर्कशॉप चालवणारे अनेक बिरादर अलीकडे लहान मोटारबोट घेण्याची गोष्ट काढतात. कुणाला पलीकडच्या काठावर माल पोचवायचा असतो, कुणाला पर्यटकांना फिरवून चार पैसे जोडायचे असतात, कुणाला रविवारी गरी टाकायची हौस असते. आमच्याकडे ही मंडळी येतात तेव्हा इंजिन किती अश्वशक्तीचे घ्यावे, फायबर बरी की लाकूड, जुनी घ्यावी की नवी, असे प्रश्न विचारतात. बोट बांधून कुठे ठेवणार, हा प्रश्न शंभरात पाचजणही विचारत नाहीत. आमच्या मते पहिला प्रश्न तोच असला पाहिजे.

आम्ही कापडाचे व्यापारी. आमच्या धंद्यात दुकान एकदा घेतले जाते, पण गोदामाचे भाडे दर महिन्याला द्यावे लागते, आणि गोदाम ओलसर असेल तर थानच्या थान कुजून जाते. बोटीचेही तसेच आहे. ती एकदा विकत घेतली जाते, पण वर्षाचे दिवस ती धावते कमी आणि बांधलेली असते जास्त. आठवड्यातून एकदा चार तास वापर धरला तर वर्षाचे सुमारे दोनशे तास होतात, आणि वर्षात तास असतात ८,७६०. बाकीचा सगळा वेळ बोट मालकाच्या नजरेआड, एका दोराच्या भरवशावर उभी असते. लहान धंदेवाल्याचे भांडवल असे दोराला टांगलेले असताना त्या दोराचा आणि जागेचा नीट अभ्यास करणे हे शहाणपणाचे आहे. आम्ही आणि आमचे दोन भागीदार मिळून खाडीत अठरा फुटी फायबरची बोट ठेवतो. त्या अनुभवातून आणि जुन्या तांडेलांकडून जे शिकलो ते येथे क्रमाने देत आहोत.

मुरिंग म्हणजे काय?

बोट पाण्यात कायम बांधून ठेवण्याच्या व्यवस्थेला बंदरातले लोक मुरिंग म्हणतात. तळाशी जड वजन, त्याला साखळी, साखळीच्या वरच्या टोकाला पाण्यावर तरंगणारा बोया, आणि बोयापासून बोटीच्या नाळेपर्यंत दोर, अशी तिची साधी रचना असते. नांगर आपण टाकतो आणि उचलतो. मुरिंग मात्र महिनोन्महिने जागेवर राहते. म्हणून नांगरापेक्षा ते जड हवे आणि त्याची तपासणी ठरलेल्या वेळी व्हायला हवी.

परंतु मुरिंग हाच एक मार्ग नाही. पहिल्या बोटीसाठी जागेचे पाच प्रकार उपलब्ध असतात. ते समजून घेतले तर पैसे कुठे वाचतात हे लक्षात येते.

जागेचे पाच प्रकार

१) जमिनीवर ठेवणे. चौदा-पंधरा फुटांपर्यंतची हलकी बोट ट्रेलरवर घालून अंगणात ठेवता येते. पाण्यातल्या जागेचा खर्च नाही, तळाला कालवे चिकटत नाहीत, चोरीची भीती कमी. अट एवढीच की जवळ उताराचा धक्का हवा, आणि बोट ओढायला गाडी व दोन माणसे हवीत. महिन्यातून दोनदाच बोट लागत असेल तर आमच्या मते हाच सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

२) ओहोटीला कोरडी पडणारी जागा. खाडीच्या आतल्या बाजूला चिखलाच्या किनाऱ्यावर बोट बांधली की भरतीला ती तरंगते आणि ओहोटीला चिखलात बसते. पाणी उथळ असल्याने साखळी कमी लागते, लाटा पोचत नाहीत, आणि अशा जागेला मागणीही कमी. तोटा हा की भरतीच्या आगेमागे दोन-तीन तासच बोट काढता येते. ज्याचे काम वेळेला बांधलेले नाही, त्याला ही जागा चालते. तळ मऊ चिखलाचा हवा. खडक किंवा कालवांचे थर असतील तर फायबरचा तळ घासून जाईल.

३) खोल पाण्यातले मुरिंग. केव्हाही बोट काढता येते, पण तिच्यापर्यंत पोचायला लहान होडी लागते किंवा कुणाला तरी हाक मारावी लागते. सामानाचा खर्चही येथे सर्वांत जास्त.

४) धक्क्याला लागून बांधणे. चढणे-उतरणे सोपे, माल भरणे सोपे. पण धक्का हा सर्वांचा असतो. तेथे मच्छिमारांच्या आणि प्रवासी बोटींच्या हक्काला प्राधान्य असते. शिवाय दुसऱ्या बोटी घासतात, आणि पाणी वरखाली होताना दोर एकतर ताणतो नाहीतर सैल पडतो. माल चढवण्यापुरता धक्का, मुक्कामाला दुसरी जागा, हे बरे.

५) खाजगी व्यवस्था. काही जागी बोट दुरुस्तीचे कारखाने, किनाऱ्यावरची हॉटेले किंवा वाडीमालक आपल्या जागेत बोट ठेवू देतात. मुंबईत गेटवेसमोर पाण्यात बांधलेल्या बोटी आपण पाहतो. त्या डामडौलाच्या जागा पहिल्या बोटीच्या मालकासाठी नव्हेत. मात्र लहान खाडीत एखाद्या बोटसुताराच्या वर्कशॉपमागे मिळणारी जागा फार उपयोगी पडते, कारण देखरेख आणि दुरुस्ती दोन्ही एकाच ठिकाणी होते.

जागा केव्हा आणि कशी पाहावी?

जमीन घेताना आपण पावसाळ्यात पाणी कुठवर येते ते विचारतो. बोटीची जागा मात्र सर्वांत कमी पाण्याच्या वेळी पाहावी. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते. त्या दिवसांत भरती सर्वांत वर चढते आणि ओहोटी सर्वांत खाली उतरते. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी असते, म्हणजे चढउतार कमी होतो.

कोकणात भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशोब आहे. तिथीला तीनने गुणून चारने भागावे, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ तासांत मिळते. अष्टमीला आठ गुणिले तीन भागिले चार, म्हणजे सहा. सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. आपल्यापैकी ज्यांच्या घरात चांदाच्या तारखा चालतात त्यांनाही हा हिशोब करता येतो. चंद्र दिसून महिना सुरू होतो तेव्हा साधारण द्वितीया असते. म्हणून चांदाच्या तारखेत एक मिळवला की अंदाजे तिथी मिळते. चांदाची सात तारीख असेल तर अष्टमी धरावी. बेरीज पंधराच्या पुढे गेली की पंधरा वजा करून पुन्हा एकपासून मोजावे. या हिशोबात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, आणि खाडीच्या आत जावे तशी भरती उशिरा पोचते. नेमकी वेळ हवी असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके पाहावीत.

या हिशोबाने उधाणाच्या दिवसांत भरती दुपारी बाराच्या आसपास आणि ओहोटी सकाळी व संध्याकाळी सहाच्या आसपास येते. तेव्हा चांदाच्या पंधरा-सोळा तारखेला फजरची नमाज आटोपून थेट खाडीवर जावे. जी जागा तुम्हाला दाखवली आहे तेथे त्या वेळी किती पाणी आहे, तळ चिखलाचा की खडकाचा, बुडालेले खांब किंवा जुनी साखळी कुठे आहे, हे सगळे डोळ्यांना दिसते. नंतर दुपारी बारा-साडेबाराला पुन्हा जावे. पाणी किती चढले ते काठीवर खूण करून मोजावे. मुंबईला मोठ्या उधाणात पाणी साडेचार-पाच मीटर वरखाली होते. दक्षिणेला सिंधुदुर्गाकडे जावे तसे हे अंतर जवळपास निम्म्यावर येते. म्हणून मुंबईच्या मित्राने सांगितलेली साखळीची लांबी मालवणला किंवा मालवणची मुंबईला वापरू नये.

कोरडी पडणारी जागा घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट तपासावी. उधाणाच्या भरतीत बोट फार वर नेऊन बांधली तर भांगाच्या दिवसांत तेथवर पाणीच पोचत नाही, आणि बोट आठवडाभर चिखलात बसून राहते. जागा भांगाच्या भरतीलाही तरंगेल इतकी खाली हवी.

वाऱ्याचाही विचार करावा. हिवाळा-उन्हाळ्यात सकाळी जमिनीकडून मतलई वारा येतो आणि दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा जोर धरतो. दुपारी दोन ते पाच या वेळात जागेवर उभे राहून लाटा किती उठतात ते पाहावे. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, बागमांडला-वेसवी, दिघी-आगरदांडा अशा ठिकाणी फेरीबोट चालते. तिच्या वाटेत आणि तिला वळण्यासाठी लागणाऱ्या पाण्यात कधीही बांधू नये.

परवानगी आणि शेजारधर्म

पाणी मोकळे दिसते, पण ते बेवारस नसते. राज्याच्या लहान बंदरांचा कारभार १९९६ च्या कायद्याने स्थापन झालेल्या महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे आहे. त्यांची बंदर निरीक्षकांची कार्यालये किनाऱ्यावर ठिकठिकाणी आहेत. मुरिंग टाकण्यापूर्वी तेथे जाऊन लेखी अर्ज करावा, जागेचा नकाशा जोडावा, आणि जो आकार भरावा लागेल त्याची पावती घ्यावी. यंत्राने चालणाऱ्या बोटीची नोंदणी आणि तपासणी वेगळी लागते. खाडीतल्या आणि नदीतल्या अशा बोटींसाठी १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला आहे. बंदरांच्या १९०८ च्या कायद्याच्या जागीही संसदेने २०२५ साली नवा कायदा मंजूर केला. म्हणून दहा वर्षांपूर्वी कुणी काय केले ते ऐकून चालू नये. कार्यालयात जाऊन आजचा नियम विचारावा.

स्वतःची लाकडी जेट्टी बांधण्याचा मोह अनेकांना होतो. किनारा नियमन क्षेत्राचे नियम १९९१ पासून लागू आहेत, आणि २०११ व २०१९ साली ते नव्याने निघाले. भरतीरेषेत परवानगीशिवाय पक्के बांधकाम केले तर ते तोडावे लागते आणि खर्च पाण्यात जातो. कांदळवनाच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली तोडीला मनाई केली आणि २०१८ च्या निकालात ती कायम ठेवली. तिवराच्या झाडाला बोट बांधणे किंवा वाट करायला फांद्या छाटणे टाळावे. तसेही वादळात हेच तिवर लाटा अडवतात. आपल्या बोटीचा रखवालदारच आपण का तोडावा?

कागदापेक्षाही मोठी गोष्ट शेजारधर्माची. जेथे मच्छिमार पिढ्यान्‌पिढ्या जाळी लावतात, बोटी वळवतात, तेथे आपला बोया टाकू नये. आधी जुन्या तांडेलांना भेटावे, चहा घ्यावा, आणि कोणती जागा रिकामी राहते ते विचारावे. रिकाम्या राहिलेल्या जागेला बहुतेक वेळा कारण असते. ते कारण तांडेल सांगतो, कागद सांगत नाही. त्याच भेटीत रखवालीची बोलणी करावी. रोज समुद्रावर जाणाऱ्या माणसाने येता-जाता आपल्या बोटीवर नजर टाकली आणि पाणी साचले तर उपसले, तर त्याचा मेहनताना महिन्याच्या महिन्याला चोख द्यावा. फुकटच्या मेहेरबानीवर ठेवलेली बोट वाऱ्याच्या मेहेरबानीवर असते.

वजन किती टाकावे?

येथे कारागीर मंडळींनी लक्ष द्यावे, कारण पैसे वाचवण्याची सर्वांत मोठी जागा ही आहे आणि फसगतीचीही. पाण्यात बुडालेली वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते तेवढ्या वजनाने हलकी होते. काँक्रीटचा ३०० किलोचा ठोकळा खाऱ्या पाण्यात सुमारे १७० किलोच भरतो. जांभा दगड त्याहून हलका, त्याचे जवळपास निम्मे वजन पाण्यात जाते. लोखंडाचे मात्र सुमारे तेरा टक्केच कमी होते. २०० किलो भंगार लोखंड पाण्यात सुमारे १७४ किलो भरते, म्हणजे ३०० किलो काँक्रीटची बरोबरी करते आणि नेऊन टाकायलाही सोपे जाते. भंगारवाल्याकडचा भाव आणि सिमेंट-खडीचा भाव यांची तुलना किलोवर करू नये. पाण्यात भरणाऱ्या वजनावर करावी.

चिखलाच्या तळात पसरट ठोकळा हळूहळू रुततो आणि चिखल त्याला धरून ठेवतो. म्हणून ठोकळा उंच घेण्याऐवजी रुंद आणि खालून किंचित खोलगट ओतावा. खडकाळ तळावर तोच ठोकळा घसरतो. तेथे जास्त वजन लागते किंवा जागाच बदलावी लागते. ठोकळ्यातले कडे जाड सळईचे असावे आणि ते ठोकळ्याच्या तळापर्यंत गेलेले असावे. वरवर बसवलेले कडे उपटून येते.

साखळीचा हिशोब

साखळी व दोराची लांबी सर्वांत जास्त पाण्यावरून काढावी. समजा ओहोटीला दोन मीटर पाणी आहे आणि उधाणाला तीन मीटर चढते. म्हणजे पाच मीटर झाले. बोटीच्या नाळेची पाण्यापासूनची उंची एक मीटर धरली की सहा. याची तिप्पट, म्हणजे अठरा मीटर, ही साखळी आणि दोर मिळून कमीत कमी लांबी. लांबी कमी पडली तर भरतीला साखळी उभी ताणते आणि वजन उचलू लागते. लांबी पुरेशी असली तर तळाशी पडलेली साखळी लाटेचा धक्का स्वतः खाते.

पण अठरा मीटर सोडल्यावर बोट वाऱ्याबरोबर आणि प्रवाहाबरोबर गोल फिरते. साडेपाच मीटरची बोट धरली तर हा फेर मधल्या वजनापासून सर्व बाजूंना सुमारे चोवीस मीटर होतो. अरुंद खाडीत एवढी जागा मिळत नाही. तेथे पुढे आणि मागे दोन वजने टाकून बोट प्रवाहाच्या दिशेत दोन्हीकडून बांधावी. सामान दुप्पट लागते, पण जागा एक-तृतीयांशही लागत नाही.

साखळी सर्वांत लवकर झिजते ती तळावरून उचलली जाते त्या भागात. तेथे भरती-ओहोटीला दिवसातून चार वेळा ती वाळूत घासते. वरचे टोक चकचकीत दिसते म्हणून साखळी चांगली, असे समजू नये. शॅकलची पिन फिरून निघू नये म्हणून ती तारेने बांधावी. गॅल्व्हनाइज साखळीला स्टेनलेस स्टीलची शॅकल लावू नये. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना लागले की एक दुसऱ्याला खातो, आणि येथे साखळीचा जस्ताचा थर आधी जातो.

दोर : कापडवाल्याची नजर

या विषयावर आम्ही थोड्या अधिकाराने बोलू शकतो, कारण धागा ओळखणे हाच आमचा धंदा. बाजारात दोर तीन प्रकारचे मिळतात आणि दुकानदार तिन्हींना सर्रास नायलॉन म्हणून विकतो.

पॉलिप्रॉपिलीनचा दोर सर्वांत स्वस्त. तो पाण्यावर तरंगतो, पण उन्हात लवकर कडक होतो आणि त्याच्या केसाळ कुसा निघतात. तरंगणारा दोर दुसऱ्याच्या पंख्यात अडकतो तो वेगळाच. मुरिंगच्या मुख्य दोराला तो नको. नायलॉन ताणतो आणि पुन्हा जागेवर येतो, म्हणून लाटेचा झटका सोसायला तो उत्तम. ओला झाल्यावर मात्र त्याची ताकद थोडी घटते. पॉलिएस्टर कमी ताणतो, उन्हाला आणि घासण्याला जास्त टिकतो.

ओळख सोपी आहे. वीतभर तुकडा बादलीत टाकावा. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन. बुडाला तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर. मग एक टोक खुंटीला बांधून जोराने ओढावे. जो स्पष्ट ताणून मागे येतो तो नायलॉन. ही परीक्षा दुकानदारासमोरच करावी. खरा माल विकणारा रागावत नाही.

गाठीने दोराची ताकद निम्म्यापर्यंत घटू शकते. पीळ उलगडून दोर दोरातच विणला तर ताकद फारशी कमी होत नाही. हे काम कोणताही जुना खलाशी करून देतो. नाळेच्या जवळ जेथे दोर घासतो तेथे जाड कॅनव्हासची दुहेरी पट्टी शिवून गुंडाळावी. शिंप्याकडे उरलेल्या तुकड्यांत हे काम होते. बोट सुटण्यामागे वादळापेक्षा घासलेला दोर जास्त वेळा असतो.

पावसाळा

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगतो. कोकणात स्वस्त मुरिंग हे आठ-नऊ महिन्यांचे असते, बारा महिन्यांचे नव्हे. नैर्ऋत्य मोसमी वारा सुरू होण्यापूर्वी लहान बोट पाण्याबाहेर काढून, उंच जागी ओंडक्यांवर चढवून, वर झाप किंवा ताडपत्री घालून शाकारली पाहिजे. मच्छिमार हे पिढ्यान्‌पिढ्या करतात, त्याला कारण आहे.

एक हिशोब करून पाहा. अठरा फुटी उघड्या बोटीचे तोंड सुमारे आठ चौरस मीटर असते. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि जुलैत कोकणात तो सहज पडतो, तर त्या बोटीत ८०० लिटर, म्हणजे ८०० किलो पाणी साचते. रात्रीत कुणी उपसले नाही तर सकाळी फक्त बोया दिसतो.

वादळे मोसमाच्या दोन्ही टोकांना येतात. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान, ३ जून २०२० रोजी निसर्ग, आणि मे २०२१ मध्ये तौक्ते. निसर्ग रायगडच्या किनाऱ्यावर थेट चढले. तारखा पाहिल्या तर मे महिना संपेपर्यंत थांबणे धोक्याचे आहे हे कळते. आमचा नियम मेच्या पहिल्या पंधरवड्यात बोट बाहेर काढण्याचा आहे. त्या वेळी ओढायला माणसे आणि ठेवायला जागाही मिळते. महिनाअखेर सगळेच धावतात आणि मजुरी चढते. पावसाळ्यात मोकळे झालेले मुरिंगही तपासून घ्यावे. साखळी वर ओढून कडी न्‌ कडी पाहावी. जी कडी एक-चतुर्थांश झिजली ती बदलावी.

खरा खर्च कसा मांडावा?

केवळ जागेच्या भाड्याकडे पाहणारा फसतो. पुढील आकडे बाजारभाव नव्हेत, फक्त पद्धत समजावी म्हणून धरले आहेत.

पहिली जागा घराजवळ. भाडे वर्षाला १२,०००. सामान १५,००० चे, तीन वर्षे टिकणारे, म्हणजे वर्षाला ५,०००. रखवाली ६,०००. पावसाळी ओढणी व शाकारणी ४,०००. एकूण २७,०००.

दुसरी जागा दूर व उघडी. भाडे केवळ ३,०००. पण लाटांमुळे सामान जड लागते. २१,००० चे तीन वर्षांत, म्हणजे ७,०००. वस्ती नसल्याने रखवाली १२,०००. ओढणी ४,०००. वर्षातल्या चाळीस फेऱ्यांना जाण्यायेण्याचे दोनशेप्रमाणे ८,०००. एकूण ३४,०००.

भाडे चौपट कमी असलेली जागा सात हजारांनी महाग पडली. यात बोट बुडण्याची जोखीम धरलेलीच नाही. हा हिशोब वहीत आपल्या गावच्या आकड्यांनी मांडावा, आणि एकूण रक्कम वर्षाच्या फेऱ्यांनी भागावी. फेरीमागे येणारा आकडा बोट भाड्याने घेण्यापेक्षा जास्त असेल तर बोट घेऊच नये, हेही प्रामाणिकपणे मान्य करावे.

खर्च खाली आणण्याचा सर्वांत चांगला उपाय भागीदारीचा आहे. तीन-चार मालकांनी एकत्र येऊन तळाशी एक लांब जाड साखळी टाकावी, दोन्ही टोकांना मोठी वजने ठेवावीत, आणि मधून प्रत्येकाच्या बोटीसाठी साखळ्या वर घ्याव्यात. वजने वाटली जातात, रखवालदार एकच लागतो, परवानगीचा अर्जही एकत्र जातो. मात्र करार लेखी असावा. सामान कुणाच्या मालकीचे, तपासणी कोण व कधी करणार, एकाच्या बोटीने दुसरीला नुकसान केले तर भरपाई कशी, एकजण बाहेर पडला तर त्याचा हिस्सा कोण व कोणत्या भावाने घेणार, हे चार मुद्दे साक्षीदारांसमोर लिहून घ्यावेत. आमच्या तिघांच्या भागीदारीत एक वही आहे. साखळी कधी पाहिली, कोणती कडी बदलली, रखवालीचे पैसे कधी दिले, हे तीत तारखेनिशी लिहिले जाते. भावाभावांतही वही बरी. तिने व्यवहारही टिकतो आणि नातेही.

थोडक्यात

बोटीचा बयाणा देण्यापूर्वी पुढील सात गोष्टी पूर्ण कराव्यात. उधाणाच्या ओहोटीला आणि भरतीला जागा पाहणे. दुपारच्या वाऱ्यात जागा पाहणे. दोन तांडेलांचा सल्ला. बंदर कार्यालयात लेखी अर्ज. रखवालदाराशी मेहनतान्याची बोलणी. पावसाळ्यात बोट ठेवायची कोरडी जागा. आणि वर्षाच्या खर्चाचा कागद.

सातही गोष्टी जुळल्या तर बोट जरूर घ्यावी. पहिल्या वर्षी लहान इंजिन आणि मजबूत साखळी हा सौदा केव्हाही चांगला, कारण इंजिन पुढे बदलता येते, वाहून गेलेली बोट परत येत नाही. जागा जुळली नसेल तर एक मोसम थांबावे. तोवर तांडेलाबरोबर खाडीत फिरावे, पाण्याची ओळख करून घ्यावी. धंद्यात माल भरण्याआधी गोदाम पाहणारा व्यापारी मागे पडत नाही, असा आमचा तीस वर्षांचा अनुभव आहे.